जास्वंदीच्या कुंपणाच्या कळ्या न फुलताच गळतात? फवारण्याआधी कळी चिरून बघा

कुंपण पानांनी भरलेलं, शेंड्याशेंड्याला कळ्या, आणि सकाळी झाडाखाली त्यातल्याच मूठभर कळ्या पडलेल्या. औषध मारलं की पंधरा दिवस बरं दिसतं, मग पुन्हा तेच. नाशिकमध्ये ही तक्रार बहुतेक तीन वेळा येते: डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, एप्रिल-मेच्या उन्हात आणि ऐन गणपतीच्या तोंडावर. तिन्ही वेळचं कारण सहसा वेगळं असतं. पण आपण दरवेळी दुकानात जाऊन ‘कळी गळतेय, काहीतरी द्या’ म्हणतो आणि मिळेल ते पंपात ओततो. म्हणून ती तक्रार परत येते.

तेव्हा पहिले तीन दिवस काहीही फवारू नका. कुंपणाखालची जमीन झाडून साफ करा आणि रोज सकाळी काय पडतं ते गोळा करा. कुंपणाच्या कुठल्या टोकाला जास्त पडतं तेही लक्षात ठेवा. भिंतीलगतच्या भागात, पाण्याच्या पाइपच्या शेवटच्या टोकाला की सगळीकडे सारखं, एवढ्यावरूनच अर्धं निदान होतं.

गळालं ते नक्की कळीच का?

जास्वंदीचं फूल साधारण एकच दिवस टिकतं. संध्याकाळनंतर पाकळ्या पिळा मारून मिटतात, आणि पडलेलं ते मिटलेलं फूल लांबून हुबेहूब मोठ्या कळीसारखं दिसतं. ते उलगडा. आत परागांचा दांडा पूर्ण वाढलेला असेल आणि पाकळ्या बुळबुळीत लागत असतील, तर ते काम संपलेलं फूल आहे. त्याला उपाय नको, झाडू हवा.

दुसरी गंमत मिरची जास्वंदीची. लाल, लांबट, खाली लोंबणारी कळी ‘कधी उमलतच नाही’ म्हणून कितीतरी जण हैराण असतात. ती उमलायची नसतेच. ते जास्वंदीच्या नात्यातलं वेगळं झाड आहे आणि त्याचं फूल तेवढंच असतं. कुंपणाला ते उत्तम, फक्त त्याच्याकडून उघड्या फुलाची अपेक्षा ठेवू नका.

कळी चिरणं

आता खऱ्या कळ्या घ्या, वेगवेगळ्या आकाराच्या दहा-बारा तरी. पांढऱ्या कागदावर ठेवून जुन्या ब्लेडने देठापासून टोकापर्यंत उभ्या चिरा. भिंग असेल तर छान, नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून चालतो.

आत पांढरट-पिवळसर, दोन मिलिमीटरच्या आसपासच्या अळ्या वळवळताना दिसल्या तर ती कळीमाशी. पूर्ण वाढलेली अळी कागदावर पडली की अंग वाकवून टुणकन उडी मारते. ही उडी एकदा पाहिली की दुसऱ्या कशाशी घोटाळा होत नाही. माशी डासापेक्षाही बारीक असते आणि कळीच्या टोकात अंडी घालते. अळ्या आतल्या आत कळी पोखरतात, कळी पिवळी पडून गळते, अळी मातीत शिरून कोष करते, आणि पुढची माशी तुमच्याच वाफ्यातून बाहेर येते. अंड्यापासून माशीपर्यंतचा हा फेरा साधारण तीन ते चार आठवड्यांचा. मोगऱ्याच्या कळ्याही ती खराब करते, त्यामुळे शेजारी मोगरा असेल तर तोही तपासा.

वरून मारलेलं औषध इथे का लागू पडत नाही ते आता दिसेल. अळी कळीच्या आत, कोष मातीत, आणि फवारणी पानांवर. या किडीवर खरा उपाय हातांनीच होतो. पडलेल्या कळ्या रोज, निदान दिवसाआड, वेचा. झाडावरच्या पिवळट, दाबल्यावर मऊ लागणाऱ्या कळ्याही तोडा. सगळं जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधा आणि पिशवी दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकलंत तर माशी पाळल्यासारखंच आहे. खाली पालापाचोळ्याचं आच्छादन असेल तर ते महिनाभर काढून ठेवा, कारण गळालेल्या कळ्या त्यातच लपतात. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती खुरप्याने हलवून मीटरभर लांबीला १५० ते २०० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा. हे चार आठवडे सलग करायचं. दहा दिवसांनी कळ्या कमी पडल्या म्हणून थांबलात तर मातीतले कोष तुमची वाटच बघत असतात.

कळीत अळी नाही, पण पाकळ्यांच्या कडा करपलेल्या, त्यावर तपकिरी-पांढरट चट्टे, कळी एका बाजूला वाकडी, असं दिसलं तर फुलकिडे. ताजी कळी कागदावर झटकली की मिलिमीटरभर लांबीचे, बारीक धाग्यासारखे पिवळे-काळे किडे धावतात. फेब्रुवारीच्या शेवटापासून पाऊस पडेपर्यंत, कोरड्या गरम हवेत, त्यांचं राज्य असतं. चार-दोन दिसले तर सोडून द्या. प्रत्येक कळीतून झुंड निघत असेल तर निंबोळी अर्क (१०,००० पीपीएम) लिटरला २ ते ३ मिली आणि किंचित साबण, असं आठवड्याच्या अंतराने तीनदा. तेवढ्याने हटले नाहीत तर स्पिनोसॅड (४५ एससी) लिटरला ०.३ मिली, एकदाच. दोन्ही फवारण्या सूर्य मावळताना करा. स्पिनोसॅड ओलं असताना मधमाश्यांना मारतं, आणि जास्वंदीवर दिवसभर मधमाश्या असतात, शिंजीरही येतात. फवारलेल्या कुंपणाची फुलं-पानं केसांच्या तेलात किंवा चहात घालू नका.

कळी आतून स्वच्छ, पाकळ्या निरोगी, कुठे डाग नाही, तरी गळाली. मग कीड सोडा आणि पाण्याकडे वळा. पण त्याआधी शेंडे बघून घ्या.

शेंडे आकसलेले, पानं चुरगळलेली

नाशिककरांना मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, वेगळा सांगायला नको. द्राक्षाच्या घडात शिरून बाग नासवणारा गुलाबी मिलीबग आणि जास्वंदीचे शेंडे गोळा करणारा गुलाबी मिलीबग हा एकच किडा. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यात फार्महाउसला शोभा म्हणून द्राक्षबागेच्या बांधावर जास्वंदीची रांग लावणं म्हणजे किडीला बारमाही घर बांधून देणं. बागेवर फवारण्या होतात तेव्हा तो जास्वंदीत बसतो, आणि नंतर मुंग्यांच्या मदतीने परत जातो. बाग शेजारीच असेल तर कुंपणाला दुसरं झाड निवडा. हे मत कडक वाटेल, पण त्यात तडजोड परवडत नाही.

शहरातल्या कुंपणावर ओळख अशी: शेंड्याची पेरं आखूड होतात, पानं जाडसर होऊन गुच्छासारखी चुरगळतात, कळी वाटाण्याएवढीच राहून वाळते. किड्याच्या लाळेतल्या विषारी द्रव्यामुळे वाढ अशी आकसते, म्हणून किडा मेल्यावरही तो शेंडा सरळ होत नाही. चुरगळलेल्या पानाच्या घडीतला पांढरा कापूस काडीने बाजूला केला की आत नारिंगी-गुलाबी अंडी दिसतात. एकेक मादी काहीशे अंडी घालते, आणि त्या कापसातून औषध आत जात नाही. एका फवारणीत काम होत नाही ते यामुळे.

क्रम असा ठेवा. आकसलेला शेंडा त्याच्या खाली १० ते १५ सेंटिमीटर निरोगी फांदी घेऊन सिकेटरने (छाटणीच्या हातकात्रीने) कापा आणि तिथल्या तिथे पिशवीत टाका. कापलेल्या फांद्या कुंपणावरून ओढत नेल्या की पिल्लं वाटभर सांडतात. मग पाइपच्या जोरदार धारेने पानांची खालची बाजू आणि फांद्यांचे बेचके धुवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिटरला ५ मिली निंबोळी तेल, आधी थोड्या कोमट पाण्यात १ ते २ ग्रॅम साबणाबरोबर नीट घुसळून, सगळीकडून भिजेपर्यंत मारा. दर सात-आठ दिवसांनी अशा तीन फवारण्या. पारा ३५ अंशांच्या वर असताना तेल मारलं तर पानं भाजतात, म्हणून मेमध्ये नुसती पाण्याची धारच बरी. पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा व्हर्टिसिलियम लेकॅनी लिटरला ५ ग्रॅम चांगलं चालतं, पण ती जिवंत बुरशी आहे. तिच्या मागेपुढे आठवडाभर बुरशीनाशक नको, आणि पंपही धुतलेला हवा.

मुंग्यांचा बंदोबस्त केला नाही तर वरचं सगळं वाया. मिलीबगचा चिकट गोड स्राव मुंग्यांना हवा असतो, त्यासाठी त्या त्याला नव्या शेंड्यांवर नेतात आणि त्याच्या शत्रूंना हुसकावून लावतात. एक चमचा टाकणखार (बोरॅक्स), दहा चमचे साखर, एक मोठा पेलाभर पाणी विरघळवून कापसाचे बोळे भिजवा आणि बारीक भोकं पाडलेल्या झाकणाच्या डबीत घालून मुंग्यांच्या वाटेवर ठेवा. मुंग्या ते वारुळात नेतात. पोरं आणि कुत्री-मांजरं पोहोचणार नाहीत अशी जागा बघा.

एक सावधगिरी. कधीकधी पांढऱ्या झुपकेदार केसांचा, मिलीबगपेक्षा दुप्पट-तिप्पट मोठा किडा दिसतो आणि लोक घाबरून आधी त्यालाच मारतात. काडीने डिवचा. मिलीबग जागचा हलत नाही किंवा फार संथ सरकतो. हा मात्र चटकन पळतो. ती क्रिप्टोलेमस या मित्रभुंगेऱ्याची अळी, मिलीबगच खाते. ती दिसली तर फवारणी थांबवा, दोन आठवडे तिला काम करू द्या.

पाणी आणि काळी माती

गोदावरीच्या दोन्ही अंगांची खोल काळी माती पाणी धरते तेही जास्त आणि सोडते तेही वाईट. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, भेगेबरोबर बारीक पांढऱ्या मुळ्या तुटतात, आणि दोन-तीन दिवसांनी कळ्या गळतात. मग घाबरून भरपूर पाणी, मग माती गच्च, मुळांना हवा नाही, परत गळ. कोरडं-ओलं-कोरडं हा झोकाच कळीला सोसत नाही. कमी पाणी एकवेळ चालेल, पण त्यात सातत्य हवं.

बोट किंवा स्क्रू-ड्रायव्हर १० सेंटिमीटर खोल घाला. माती ओलसर पण हाताला चिकटत नाही, म्हणजे वाफसा आहे. चिखल लागला तर पाणी बंद, धूळ लागली तर आजच द्या. मोठ्या झाडाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर, बुंध्याच्या दोन्ही बाजूंना फूटभर अंतरावर. एप्रिल-मेमध्ये दिवसाआड तासभर, म्हणजे ८ लिटर, हिवाळ्यात चार-पाच दिवसांनी तेवढंच. मुरमाड जागेत पाणी टिकत नाही, तिथे रोज अर्धा तास. नळीच्या शेवटच्या टोकाचीच झाडं गळत असतील तर शेवटच्या ड्रिपरखाली भांडं ठेवून तासात किती पाणी पडतं ते मोजा. बोअरच्या क्षाराने ड्रिपर बुजलेले असतात, आणि माणूस खत बदलत बसतो.

पावसाळ्यात काळ्या मातीत सपाट लावलेलं कुंपण गुदमरतं. नवीन लावत असाल तर गादीवाफा फूटभर उंच करा. जुन्याच्या शेजारून, बुंध्यापासून दोन फूट सोडून, उताराकडे चर काढा. आच्छादन पाच-सात सेंटिमीटर, पण बुंध्याला टेकलेलं नको.

खत: बहुतेक वेळा कमी नसतं, चुकीचं असतं

जास्वंदीला स्फुरद (फॉस्फरस) थोडं आणि पालाश (पोटॅश) जास्त लागतं. आपल्याकडे ‘फुलं येत नाहीत’ म्हटलं की डीएपी, सुपर फॉस्फेट किंवा हाडांचा चुरा घातला जातो, म्हणजे नेमकं उलट. साठलेलं स्फुरद लोह आणि जस्त अडवतं. शेणखत दर तीन महिन्यांनी मीटरला दोन किलो, आणि मार्च ते सप्टेंबर महिन्यातून एकदा झाडाला २० ग्रॅम शून्य-शून्य-पन्नास, म्हणजे नुसतं पालाशाचं खत, ओल्या मातीत. द्राक्षाच्या औषधांच्या कुठल्याही दुकानात ते मिळतं. लॉनला दिलेला युरिया कुंपणाच्या मुळांपर्यंत पोहोचत असेल तर पानं मोठी, गडद, लुसलुशीत होतात आणि कळ्या गळतात. तो हात आखडता घ्या.

नवीन पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, इंदिरानगरच्या नव्या बंगल्यांत आणि सोसायट्यांत हे कंपाउंडच्या भिंतीलगतच दिसतं, कारण तिथे मातीखाली बांधकामाचा राडारोडा पुरलेला असतो आणि सिमेंट-चुना पावसागणिक मुरत असतो. मातीच्या कोरड्या ढेकळावर थोडं व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुना आहे. अशा मातीत साधं ‘ईडीटीए’ प्रकारचं लोहखत टिकत नाही. ‘ईडीडीएचए’ लिहिलेलं घ्या, झाडाला ३ ते ५ ग्रॅम, पाण्यातून मुळांशी, वर्षातून दोनदा. महाग आहे, पण स्वस्त पुडी चार वेळा टाकण्यापेक्षा परवडतं. भिंतीपासून दोन फुटांत राडारोडा हाती लागत असेल तर तो उकरून काढणं याहून चांगलं औषध नाही.

कात्री

जास्वंदीची कळी नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत येते. छाटल्यापासून फुलापर्यंत साधारण आठ ते बारा आठवडे जातात. माळी दर महिन्याला मोठ्या कात्रीने कुंपण भिंतीसारखं सपाट करत असेल तर कळ्या गळण्याचा प्रश्नच येत नाही, त्या कापल्याच जातात. ज्या वाचतात त्याही झाड सोडून देतं, कारण कापल्यावर त्याला आधी पानं हवी असतात. वर बाहेरून पानांचा जाड पडदा तयार होतो, आत हवा नाही, उजेड नाही, आणि मिलीबगला आयती सावली.

नाशिकच्या हवेला हे वेळापत्रक जुळतं. मोठी छाटणी फेब्रुवारीच्या मध्यानंतर, थंडी गेल्यावर, उंचीचा जास्तीत जास्त एक तृतीयांश भाग कापून. हलकी छाटणी मेअखेर. गणपतीला फुलं हवी असतील तर जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर शेंड्यांना हात लावू नका, फक्त वाटेत येणारी फांदी सिकेटरने काढा. कुंपण खाली रुंद, वर अरुंद ठेवा, बुंध्याकडे तीन फूट असेल तर माथ्यावर दोन. उलटं झालं की खालच्या फांद्या सावलीत जाऊन उघड्या पडतात.

ऑक्टोबरात द्राक्षाच्या छाटणीला माणसं आलेलीच असतात म्हणून त्यांच्याकडून कुंपणही उरकून घेण्याची पद्धत मोडा. त्या छाटणीची कोवळी फूट नेमकी डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सापडते. रात्रीचा पारा दहाच्या खाली गेला की जास्वंद वाढ थांबवते आणि कळ्या टाकते. निफाडच्या बाजूला तर पारा याहूनही खाली जातो. त्या सहा आठवड्यांतल्या गळीवर काहीही फवारू नका, पाणी कमी करा, खत बंद ठेवा.

सगळं केलं तरी गळतंच

मग जात बघा. दुहेरी पाकळ्यांच्या आणि थाळीएवढ्या रंगीत फुलांच्या संकरित जाती कुंडीत शोभतात. कुंपणाच्या गर्दीत आणि उन्हात त्या कळ्या जास्त टाकतात. सावलीही तपासा. पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर कुठलीच जात भरून फुलणार नाही.

रंग हवेत तर कणा देशी एकेरी लाल जास्वंदीचा ठेवा आणि मध्येमध्ये एकेरी गुलाबी, पिवळी घाला, दोन झाडांत अडीच ते तीन फूट अंतर. सारखं गळणारं झाड काढून त्या जागी शेजारच्याच चांगल्या झाडाची काडी वाढवा: जून-जुलैमध्ये पेन्सिलच्या जाडीची, अर्धवट पिकलेली, १५ सेंटिमीटरची काडी, खालची पानं काढून, वरची दोन अर्धी कापून, रेती आणि कंपोस्टच्या पिशवीत सावलीला. बोटाने हलकं ओढल्यावर काडी धरून राहिली म्हणजे मुळ्या सुटल्या. पाऊस ओसरेपर्यंत ती पिशवीतच ठेवा आणि जुन्या झाडाच्या खड्ड्यातली माती बदलूनच तिथे लावा, नाहीतर कळीमाशीचे उरलेसुरले कोष आणि मुंग्यांचं वारूळ नव्या झाडाला आयतं मिळेल.